किल्ला ठाऊक, पणजोबा अनोळखी!

1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, हे वसई-विरारमधला शाळकरी मुलगाही सांगतो. त्याच मुलाला पणजोबांचे नाव विचारावे. तो आईकडे पाहतो आणि आई वडिलांकडे! राष्ट्राच्या इतिहासाचा जयघोष करणाऱ्या घरांत स्वतःच्या घराचा इतिहास बेवारस पडावा, ही आत्मविस्मृती नव्हे तर काय?

यावर ठरलेले उत्तर तयार असते : घराण्याच्या गोष्टी म्हणजे कुळाचा ताठा, नव्या पिढीला त्यांचे काय? हा आक्षेप वरवरचा आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी 2001 साली मुलांपुढे 20 प्रश्न ठेवले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कुठे झाली, असे ते साधे प्रश्न होते. ज्यांना अधिक उत्तरे ठाऊक, त्या मुलांचा आत्मविश्वास अधिक आढळला. मात्र उत्तरे पाठ करून हे बळ येत नाही, असेही ड्यूक यांनी बजावले. ते येते घरातल्या सांगण्या-ऐकण्यातून. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. पण वहीतले नाव नातवाशी बोलत नाही. बोलावे लागते आजीलाच.

मग घरे गप्प का? सांगण्याजोगा तो केवळ पराक्रम, या समजामुळे! 1982 च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेली लालबाग-परळची कितीतरी कुटुंबे पुढे नालासोपारा-विरारला येऊन वसली. आजोबांनी गिरणीत साचे चालवले, पगार थांबला तेव्हा आजीने खानावळ घालून घर तगवले, हे नातवाला सांगायची लाज वाटते! ज्या हातांनी घर बुडू दिले नाही, तेच हात लपवायचे? ज्याला घराची पडझड आणि उभारी दोन्ही ठाऊक आहेत, तो तरुण नोकरी गेली म्हणून कोलमडत नाही.

कुलवृत्तांतांचा अभिमान मिरवणाऱ्यांनीही आपला वंशवृक्ष उघडून पाहावा. मुलगे फांदीफांदीवर, मुली बहुधा गायब. अर्धे घर वगळून मुलीला कोणती ओळख देणार?

किल्ल्याचे बुरूज पुरातत्त्व खाते सांभाळील. आजीच्या आठवणी सांभाळणारे कोणतेही सरकारी खाते नाही. ते काम घराचेच आहे, आणि आजी आहे तोवरच ते होऊ शकते.