अशनीतील प्रक्षेप

प्रक्षिप्त भाग ओळखला की तो वगळायचा, ही आपल्या पाठचिकित्सेची जुनी सवय आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या परंपरेत ‘शुद्ध पाठ’ हेच ध्येय मानले गेले. त्या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि ओळखणे आणि वगळणे या दोन वेगळ्या कृती आहेत, असे आम्हांस वाटते. याचा उत्तम वस्तुपाठ साहित्याबाहेर, अशनींच्या अभ्यासात मिळतो.

८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतील चिवावा राज्यात ‘आयेंदे’ हा अशनी कोसळला. त्याचे दोन टनांहून अधिक तुकडे गोळा झाले. बाहेरून काळे कवच. कापल्यावर मात्र करड्या दगडात ऑलिव्हिनयुक्त गोलक आणि कॅल्शियम-ॲल्युमिनियमने समृद्ध अशा पांढऱ्या गाठी दिसतात. या प्रकारच्या गाठींचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे आहे. आपल्या सूर्यमालेत घडलेले सर्वांत जुने ज्ञात घन पदार्थ ते हेच.

या गाठी वाचायच्या कशा? दगडाचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. दोन ध्रुवक परस्परांशी काटकोनात असताना स्पिनेल काळे दिसते. धातूचा कणही काळाच दिसतो. वरचा ध्रुवक बाजूला केला की स्पिनेलमधून प्रकाश येतो, धातूमधून येत नाही. काळेपण एकच, कारणे दोन. म्हणून एका दर्शनावरून नाव देता येत नाही. पोत, शेजारची खनिजे आणि रासायनिक घटकांचे मोजमाप यांचीही साक्ष घ्यावी लागते.

अशा तपासणीत मेलिलाइट, स्पिनेल, अनॉर्थाइट ही खनिजे सापडतात, तशीच नेफेलिन व सोडालाइट ही सोडियमयुक्त खनिजेही. ही दोन मूळची नव्हेत. मेलिलाइट व अनॉर्थाइट यांची जागा घेत ती मागाहून आली. आपल्या परिभाषेत, प्रक्षिप्त. गाठीचा आरंभ शोधताना अभ्यासक त्यांना वेगळे काढतात, परंतु टाकून देत नाहीत. त्या दगडावर पुढे काय गुजरले, हे तीच सांगतात.

पोथ्यांत मागाहून शिरलेल्या ओव्या-अभंगांना हाच न्याय का नसावा? त्या रचना कवीच्या नसतील. पण कुणीतरी त्या रचल्या, गायल्या, कवीच्या नावावर घातल्या. संप्रदायाचा, नकलकारांचा आणि श्रोत्यांचा इतिहास त्यांत साठलेला आहे. वर्गात ‘हा भाग प्रक्षिप्त आहे’ एवढे सांगून पान उलटणे ही अर्धीच चिकित्सा होय. तो केव्हा, कशाच्या जागी आणि कोणत्या गरजेपोटी आला, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते आपण शिक्षकांनीच करावयाचे आहे.