पेटींतलीं खेळणीं

गेल्या नाताळच्या सुटींत एके दिवशीं सकाळीं आमच्या शाळेच्या मैदानावर एक चमत्कारिक देखावा कांहीं विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडला. त्यांचे शिक्षक दंव पडलेल्या गवतांत पालथे पडून, मोबाईल जमिनीशीं टेंकवून, अर्ध्या वितीहूनही लहान अशा एका खेळण्यांतील शिपायाचें छायाचित्र काढीत होते. मुलें हंसलीं, आणि हंसलीं हें स्वाभाविकच झालें. परंतु त्यांपैकीं एकानें विचारिलें, "सर, तुम्ही अजून खेळतां?" त्या वेळीं आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें. या वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्याचें उत्तर नीट द्यावें, असें आम्हांस वाटतें.

ज्यास आज ॲक्शन फिगर म्हणतात, त्या खेळण्याचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं जी. आय. जो नांवाचा सुमारें एक फूट उंचीचा, हातपाय सांध्यांत वळणारा शिपाई बाजारांत आणिला. मुलगे बाहुली घेणार नाहींत, अशी व्यापाऱ्यांस धास्ती. म्हणून बाहुली हा शब्द टाळून हें नवें नांव योजिलें गेलें. पुढें १९८२ सालीं तोच शिपाई पावणेचार इंचांचा होऊन आला. आपल्या देशांत १९८७ सालीं स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीनें हे शिपाई येथेंच तयार करून विकले. या कंपनीचा एक कारखाना गोव्यांत आहे. त्यामुळें गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील मुलांसही ते, क्वचित् कां होईना, मिळूं लागले.

आम्ही तेव्हां प्राथमिक शाळेंत होतों. वाढदिवसाचे व नाताळचे पैसे सांठवावे, तेव्हां वर्षास एखादा शिपाई पदरीं पडे. वेष्टनाच्या पुठ्ठ्यामागें त्या शिपायाची माहिती छापलेली असे. ती कापून आम्ही वहींत चिकटवीत असूं. पुढें दहावीचें वर्ष आलें, आणि सात शिपाई, दोन मोडक्या गाड्या व ती वही आमच्या मातोश्रींनीं पत्र्याच्या एका पेटींत घालून पेटी माळ्यावर ठेविली. जवळजवळ तीस वर्षें ती तेथेंच होती.

मागील वर्षीं घराचीं कौलें उतरवितांना ती खालीं आली. उघडून पाहतों, तों बहुतेक शिपाई कमरेंत दुभंगलेले! या शिपायांच्या पोटांत रबराची एक बारीक कडी असते. तीच धड व पाय एकत्र ओढून धरिते. इतक्या वर्षांत रबर विरून तुटलें होतें. पाठींतील स्क्रू काढून आम्हीं तुकडे वेगळे केले, नळदुरुस्तीचें सामान विकणाऱ्या दुकानांतून बेताच्या कड्या शोधून आणिल्या, आणि शिपाई पुन्हां उभे राहिले.

उभे तर राहिले. आतां त्यांचें करावयाचें काय? कपाटांत रांगेनें मांडावे, तर ती दुसरी पेटीच झाली. तिला कांचेचें दार, एवढेंच. म्हणून एकास खिशांत घालून आम्ही बाहेर पडलों.

पहिलीं छायाचित्रें हास्यास्पद झालीं. उभ्यानें, वरून काढलेलें चित्र पाहून कोणीही म्हणे, "जमिनीवर खेळणें पडलें आहे." भिंग शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणिलें, तेव्हां मात्र तो मनुष्य झाला, गवत अरण्य झालें आणि पावसाचें डबकें सरोवर. हा शिपाई खऱ्या माणसाच्या अठराव्या हिश्श्याचा असतो. म्हणून भोंवतालची प्रत्येक वस्तु अठरापट करून पाहण्याची डोळ्यांस संवय लावावी लागते. लिंबाएवढा दगड त्यास कमरेइतकी शिळा होतो. पाण्याचा थेंब मात्र फसवितो. तो कांहीं शिपायासाठीं लहान होत नाहीं, आणि त्याच्या खांद्यावर मोसंब्याएवढा दिसतो. भिंग फार जवळ नेलें, कीं नाक स्पष्ट आणि कान अस्पष्ट होतात; तेव्हां थोडें मागें सरावें. दुपारचें ऊन टाळावें. सकाळचें तिरपें ऊन घ्यावें, आणि सावलीच्या बाजूस वहीचा पांढरा कागद धरावा, म्हणजे काळवंडलेला चेहरा उजळतो. एका बऱ्या चित्रासाठीं कधीं कधीं आमचा एक तास जातो.

या तासांनीं आम्हांस एक गोष्ट शिकविली, व तीच सांगण्यासाठीं हा लेख आहे. लहानपणीं हे शिपाई जमवितांना आमचें लक्ष नेहमीं न मिळालेल्या शिपायावर असे. कोणता उरला, शेजारच्या मुलाकडे कोणता आहे, हाच ध्यास. जो मिळाला, तो दुसऱ्या दिवशीं जुना होई. छायाचित्र काढतांना लक्ष हातांतल्या शिपायावर ठेवावेंच लागतें. एकच शिपाई वीस दिवस नेला, तर वीस प्रकारचा दिसला. आणि आठवा विकत घ्यावा, असें आम्हांस वर्षभरांत वाटलें नाहीं. जमविण्याचा छंद वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जमविलेल्या वस्तूकडे पाहण्यास ज्यास वेळ नाहीं, त्याच्या छंदाचा मालक दुकानदार होतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. आजच्या मुलांस तर एक वस्तु हातीं येण्यापूर्वींच दुसरीची जाहिरात दिसते. म्हणून हें सांगणें अवश्य वाटतें.

कोणी म्हणेल, प्रौढ मनुष्यानें यांत वेळ घालवावा काय? त्यांस आम्ही मार्क होगनकँप या अमेरिकन गृहस्थाची हकीकत सांगूं. २००० सालीं न्यूयॉर्क राज्यांत पांच जणांनीं त्यास इतकें मारिलें, कीं तो नऊ दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर चालणें, लिहिणें, जेवणें त्यास पुन्हां शिकावें लागलें. मागील आयुष्याची स्मृति बहुतेक गेली. उपचारांचा खर्च झेपेना, तेव्हां त्यानें आपल्या घराच्या आवारांत खऱ्याच्या सहाव्या हिश्श्याचें एक गांव उभारिलें, त्यांत बाहुले वसविले, आणि त्यांच्या गोष्टी रचून छायाचित्रें काढूं लागला. बारीक वस्तु हाताळून हातांस पुन्हां वळण लावावें, हा त्याचा एक हेतु होता. त्याच्यावर २०१० सालीं माहितीपट व २०१८ सालीं चित्रपट निघाला. ही हकीकत वाचल्यापासून, खेळणें म्हणजे वेळेचा अपव्यय, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

असो. आतां एक कबुली. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं, २००४ सालीं, सातवीच्या वर्गांत एक मुलगा बाकाखालीं असाच एक शिपाई घेऊन बसलेला आम्हांस दिसला. आम्हीं शिपाई काढून घेतला, वर्गासमक्ष त्या मुलास चार कठोर शब्द ऐकविले, आणि "वर्ष संपल्यावर ने" असें सांगून शिपाई मेजाच्या खणांत टाकिला. वार्षिक परीक्षेपूर्वींच वडिलांची बदली होऊन तो मुलगा गांव सोडून गेला. शिपाई खणांतच राहिला. आमचीं खेळणीं आमच्या आईनें इतकीं वर्षें जपलीं. दुसऱ्याच्या मुलाचें खेळणें मात्र आम्ही विसरलों. आमची पेटी उघडली, त्या दिवशीं त्याची आठवण झाली. खण उघडून पाहिला, तर तोही कमरेंत तुटलेला. त्या सकाळीं मैदानावर ज्याचें छायाचित्र आम्ही काढीत होतों, तो हाच शिपाई.

पालकांस आमची नम्र विनंती अशी, कीं मुलांचीं खेळणीं टाकून देण्यापूर्वीं एकदां त्यांस विचारावें, आणि परीक्षेचें वर्ष आलें म्हणून त्यांची थट्टा करूं नये. नवें खेळणें घेऊन देण्याऐवजीं सुटीच्या दिवशीं एक तास आपला मोबाईल त्यांच्या हातीं द्यावा, व शक्य झाल्यास आपणही शेजारीं गवतांत पालथें पडावें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच, कीं वर्गांत खेळणें आणूं नये, हा नियम आजही आहे, आणि आम्ही तो पाळावयास लावूं. मात्र काढून घेतलेलें खेळणें शाळा सुटतांना ज्याचें त्यास परत मिळेल.

२००४ सालच्या त्या विद्यार्थ्याच्या हातीं हा अंक पडला, तर त्यानें शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी अवश्य लिहाव्या. त्याच्या शिपायास नवी कडी घातली आहे. तो आतां ताठ उभा राहतो. त्याचीं अकरा छायाचित्रेंही आम्हीं त्याच्याबरोबर ठेविलीं आहेत.