लग्नपत्रिका उघडली आणि १ लाख ९० हजार गेले: हिंगोलीच्या घटनेतून फोनबद्दल काय शिकायचं?

ऑगस्ट २०२५. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण आलं. हिंदीत लिहिलेलं, ३० ऑगस्टला लग्नाला जरूर या, सोबत प्रेमाबद्दलचं एक गोड वाक्य आणि खाली पत्रिकेसारखी दिसणारी एक फाईल. कर्मचाऱ्याने पत्रिका पाहायला फाईल उघडली. थोड्याच वेळात खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पोलिसांत तक्रार झाली आणि देशभर बातमी झाली.

बातमीखालच्या कमेंट आठवतात? "शिकलेली माणसं पण अशी कशी फसतात?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी त्या फाईलमध्ये काय होतं ते पाहू.

पत्रिका नव्हतीच, ते ॲप होतं

प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं. त्यावरून फाईल कोणत्या प्रकारची आहे ते कळतं. फोटो असेल तर जेपीजी किंवा पीएनजी, व्हिडिओ असेल तर एमपी४, छापील पत्रिका असेल तर बहुतेक वेळा पीडीएफ.

हिंगोलीत आलेल्या फाईलचं शेपूट होतं एपीके. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवण्याची फाईल. फोटो आपण बघतो, एपीके मात्र फोनमध्ये बसतं आणि काम करायला लागतं. नाव 'वेडिंग कार्ड' असो, 'आरटीओ चलान' असो की 'पीएम किसान यादी', शेवटी एपीके लिहिलं असेल तर ते ॲप आहे. लग्नाला बोलावण्यासाठी कुणी ॲप पाठवत नाही.

ही युक्ती नवीनही नव्हती. हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच अशा पत्रिकांबद्दल इशारा दिला होता.

गंमत म्हणजे तारीखच शंका यावी अशी होती. ३० ऑगस्ट २०२५ म्हणजे गौरी आवाहनाचा आदला दिवस, ऐन चातुर्मास. आपल्याकडे तेव्हा सहसा लग्नाचे मुहूर्त नसतात. पण पत्रिका आली की "कुणाचं आहे बरं?" म्हणून बोट आधी पुढे जातं, पंचांग नंतर आठवतं. फसवणारा त्या दोन सेकंदांवरच जगतो.

ओटीपी सांगितलाच नाही, मग पैसे गेले कसे?

हे समजायला हिंगोली जिल्ह्यातल्याच एका ठिकाणी जाऊ. औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. इथल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: पाणी कितीही साठलेलं असो, दार उघडल्याशिवाय ते खाली येत नाही.

फोनचंही बरंचसं तसंच आहे. आपल्या फोनमध्ये मेसेज, फोटो, संपर्क आणि बँकेचं ॲप साठलेलं असतं. प्रत्येकाला दार आहे, त्या दाराला 'परवानगी' म्हणतात. एपीके नुसतं डाउनलोड झालं तर सहसा काही बिघडत नाही. नुकसान पुढच्या पायऱ्यांवर होतं.

पहिली पायरी: फोन विचारतो, "अनोळखी ठिकाणचं ॲप बसवायचं का?" आपण 'हो' म्हणतो.

दुसरी पायरी: ॲप विचारतं, "मेसेज वाचू का?" आपण 'अलाऊ' दाबतो. आता बँकेचा ओटीपी आला की तो आपल्याआधी दुसरीकडे पोहोचतो. म्हणून "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही" हे खरं असूनही पैसे जाऊ शकतात.

तिसरी पायरी सगळ्यात धोकादायक. काही ॲप 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि दिव्यांग वापरकर्त्यांसाठी आहे. ती चुकीच्या ॲपला मिळाली तर स्क्रीनवर काय दिसतंय, आपण काय टाइप करतोय हे त्याला कळतं. काही वेळा ते आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

म्हणजे इथे कुलूप तोडायची वेळच येत नाही. आपल्याकडूनच दार उघडून घेतलं जातं. म्हणून 'अलाऊ' दाबण्याआधी एवढंच विचारा: या ॲपला या गोष्टीचं काय काम? पत्रिकेला माझे मेसेज कशाला हवेत?

ओळखीचा नंबर म्हणजे ओळखीचा माणूस नाही

"अनोळखी नंबरची फाईल उघडू नका" हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. ज्याच्या फोनमध्ये असं ॲप बसलं, त्याच्या नंबरवरून तीच फाईल पुढे जाऊ शकते. मग ती मामाकडून येते, गावच्या ग्रुपवर येते, सोसायटीच्या सचिवाकडून येते. आपण नाव पाहून विश्वास ठेवतो.

यावर उपाय जुनाच आहे. फोन करा. "मामा, तुम्ही काही पाठवलंय का?" लग्न खरं असेल तर मामा आनंदाने चार गोष्टी जास्त सांगतील. खोटं असेल तर मामांनाही कळेल की त्यांचा फोन गेलाय.

गावात धोका जास्त का?

सिद्धेश्वरच्या कालव्यांचं पाणी वसमत, परभणी, नांदेडकडे जातं. या पट्ट्यात फोन फक्त रील बघायला नाही. ई-पीक पाहणी फोनवर, पीक विमा फोनवर, पीएम किसानचा हप्ता आला का ते फोनवर, हळदीचा भाव फोनवर. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसीही ऑनलाइन सुरू झालं. "मुदत संपतेय, लगेच भरा" असा मेसेज आला तर तो खरा वाटायला कारण असतं, कारण मुदती खरोखर असतात.

त्यात अनेक घरांत फोन एकच. आईचं केवायसी, बाबांचं बँक ॲप आणि धाकट्याचा गेम एकाच मोबाईलवर. दार कुणीही उघडलं तरी पाणी सगळ्यांच्या घरात शिरतं. म्हणून ही माहिती घरातल्या एकालाच असून भागत नाही.

देशाचं चित्रही मोठं आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. वर्षात तिपटीने वाढ.

लिंक खरी की खोटी?

वेबसाईटच्या पत्त्यात सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरप्या रेघा असतात, त्या सोडा. त्यानंतर पहिली तिरपी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. मालक तिथे कळतो. सरकारी साईट असेल तर तिथे सहसा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. 'पीएमकिसान-जीओव्ही डॉट कॉम' असं काही दिसलं तर 'जीओव्ही' फक्त शोभेला आहे, शेवट 'डॉट कॉम' आहे.

पत्त्याशेजारच्या कुलपावरही जाऊ नका. तुमच्या आणि साईटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. साईटचा मालक प्रामाणिक आहे, असं ते कुलूप सांगत नाही.

आणि यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही. "पैसे जमा करतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं की तिथेच फोन ठेवा.

चुकून बसलंच तर?

१. लगेच मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा, एअरप्लेन मोड लावा.

२. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधाल तर तिथेही खोटे नंबर असू शकतात.

३. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करा. इथून बँकांना कळवून पुढे सरकणारे पैसे अडवायचा प्रयत्न होतो. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते.

४. मेसेज, नंबर, व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ते आधी पुसू नका.

५. ॲप काढा, पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला. नंतर फोन फॅक्टरी रीसेट करा.

६. ग्रुपवर सांगा: "माझ्या नंबरवरून फाईल आली तर उघडू नका."

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना गैरव्यवहार झाला आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्या परिपत्रकानुसार ग्राहकावर भार येत नव्हता. दोन्हीकडे मुद्दा एकच, किती लवकर कळवलं.

आणि कमेंटबद्दल

लवकर कळवण्याच्या आड बहुतेक वेळा तांत्रिक अडचण येत नाही, लाज येते. "पोरं ओरडतील", "ऑफिसात हसतील" म्हणून माणूस रात्रभर गप्प बसतो आणि सकाळपर्यंत पैसे दहा खात्यांतून फिरून निघून जातात. हिंगोलीतल्या त्या कर्मचाऱ्याने तक्रार केली, म्हणून आज आपल्याला ही युक्ती माहीत आहे.

उद्या घरी कुणी म्हणालं, "अरे, मी चुकून काहीतरी दाबलं", तर "असं कसं केलंस?" हे नंतर विचारा. आधी १९३० लावा.