पत्रव्यवहार केला जाणार नाही

स्थानिक चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनाचा प्रवेशअर्ज हातात घ्या. अटींच्या शेवटी-शेवटी बहुधा एक ओळ सापडते: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. त्याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’ गाव बदलते, संस्था बदलते, चित्राच्या आकाराची मर्यादा बदलते, शुल्क तर दर दोन वर्षांनी वाढते. ही ओळ मात्र जशीच्या तशी राहते. चित्रकार तिच्याखाली सही करतो आणि चित्र देऊन घरी येतो.

पहिल्या वाक्याबद्दल तक्रार नाही. दालनाच्या भिंती मोजक्या आणि आलेली चित्रे त्यांना न पेलणारी. कुणीतरी निवडायलाच हवे, आणि निवडणाऱ्याचा शब्द शेवटचा असायला हवा. प्रश्न दुसऱ्या वाक्याचा आहे. निर्णय अंतिम असू दे, पण तो मुका कशासाठी? चित्र नाकारले, एवढेच सांगायचे आणि का नाकारले ते सांगायचे नाही, हा नियम कुठल्या गरजेतून आला, हे कुठलीही संस्था सांगत नाही. तो छापला जातो, कारण गेल्या वर्षीच्या अर्जावर तो होता.

ज्याचे चित्र परत येते, तो कोण असतो ते पाहा. बहुतेक वेळा तो शाळेतला चित्रकलेचा शिक्षक असतो, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असतो, घरातल्या एका खोलीत दुपारी रंग काढून बसणारी बाई असते. फ्रेमवाल्याकडे दोन खेपा होतात. माउंट मनासारखा मिळत नाही, परत कापून घ्यावा लागतो. काच फुटेल म्हणून अ‍ॅक्रिलिक लावायचे, त्याचे पैसे वेगळे. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून एसटीने न्यायचे. कंडक्टर डिकीत टाका म्हणतो. चित्रकार ते मांडीवर उभे धरून तीन तास बसतो. यात प्रवेशशुल्क धरले, तर एका चित्रापायी होणारा खर्च महिन्याच्या घरखर्चात जाणवण्याइतका असतो.

मग यादी लागते. हल्ली ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. यादीत नाव नसले की दुसरी फेरी: न निवडलेली कामे अमुक तारखेपर्यंत न्यावीत, त्यानंतर संस्था जबाबदार नाही. पुन्हा एसटी. कार्यालयाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ओळीने उभी केलेली चित्रे, त्यांतून आपले ओळखायचे, रजिस्टरवर सही करायची. चित्रामागे चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर क्रमांक, नाव, शीर्षक, माध्यम, आकार, किंमत असे सगळे रकाने असतात. निकालाच्या कारणाला त्या चिठ्ठीवर जागाच नसते.

आणि कारण नसते, असे मुळीच नाही. निवडीच्या दिवशी जो दालनात हजर राहिला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते. तीन परीक्षक खुर्च्यांवर बसतात. कला महाविद्यालयातली दोन मुले एकेक चित्र उचलून समोर धरतात. परीक्षक बोलतात, आणि चांगले बोलतात. ‘ड्रॉइंग कच्चं आहे, हात बघा.’ ‘फोटोवरून उतरवलंय, सावल्या तशाच्या तशा आल्यात.’ ‘हे त्यांच्या सरांचं चित्र झालं, यांचं कुठाय?’ ‘चांगलं आहे, पण घाटाची अकरा झाली, आता बास.’ नदीकाठच्या एका जलरंगाबद्दल एक ज्येष्ठ चित्रकार म्हणाले ते माझ्या कानांनी ऐकले आहे: ‘आकाश एका वॉशमध्ये सुंदर आलंय. खाली आल्यावर मात्र भीती वाटली याला. चारचारदा ब्रश फिरवलाय, रंग मळला.’

या तीन वाक्यांची किंमत काय होते? जलरंग करणाऱ्या कुणालाही विचारा. आकाश जमते आणि पाणी जमत नाही, हे चित्रकाराला स्वतःला जाणवत असते. का जमत नाही, ते कळायला वर्षे जातात. ओल्या कागदावर एकदा टाकलेला रंग सोडून द्यायचा असतो. तो सुधारायला गेले की खालचा थर उचलला जातो आणि पारदर्शकपणा जातो. परीक्षकाच्या नजरेला हे पाच सेकंदांत दिसले. त्याने ते बोलूनही दाखवले. माझ्याखेरीज ऐकणारे कोण? चित्र धरून उभी असलेली दोन मुले आणि चहा घेऊन आलेला शिपाई. ज्याच्यासाठी हे बोलणे सोन्यासारखे होते, तो साठ किलोमीटरवर यादीची वाट पाहत होता. त्याला ते कधीच कळले नाही. कागदाचा दोष असेल, विषय जुना वाटला असेल, ओळख कमी पडली असेल, असे काहीबाही धरून तो पुढच्या वर्षी तेच चित्र नव्या फ्रेममध्ये घेऊन आला असेल.

ओळख कमी पडली, हा संशय इथे महत्त्वाचा आहे. गावाच्या प्रदर्शनात सगळे एकमेकांना ओळखतात. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचा क्लास कुणाच्या शेजारी, मागच्या वर्षी कुणी कुणाच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे माहीत असते. अशा ठिकाणी कारण न देता चित्र परत केले, की लोक आपापले कारण लावतात, आणि ते परीक्षकाच्या अब्रूला बरे नसते. प्रामाणिकपणे निवड करणाऱ्याचेच यात जास्त नुकसान होते. त्याने अकरा घाटांनंतर बारावा नको म्हटले होते. बाहेर मात्र त्याने शेजारच्या क्लासवाल्याचा सूड घेतला, अशी चर्चा होते.

पत्रव्यवहार करू नका, असे सांगूनही काहींनी तो केला आहे. पण कुणी केला, तेही पाहावे. अमृता शेर-गिलने १९३५ मध्ये शिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीकडे चित्रे पाठवली. काही घेतली, काही परत केली. घेतलेल्यांपैकी एकाला बक्षीसही दिले. तिने ते बक्षीस परत केले आणि पत्र लिहून आपला राग कळवला. त्याच्या दोन वर्षे आधी पॅरिसच्या सलाँ या प्रदर्शनाने तिला असोसिएट, म्हणजे सहयोगी सदस्य, केले होते. तिच्या पाठीशी ते वजन होते, म्हणून ती लिहू शकली. पुढे १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक मिळाले. शिमल्याचे परीक्षक चूक आणि मुंबईचे बरोबर, असे मला म्हणायचे नाही. दोन ठिकाणच्या नजरा वेगळ्या असतात, असणारच. पण नजर कुठली होती, हे कळल्याशिवाय चित्रकाराने त्या निकालाचे करायचे काय? शेर-गिलला उत्तर मागता आले. तालुक्याच्या शिक्षकाला ते मागता येत नाही, आणि अर्जावरची ओळ नेमकी त्याच्यासाठी आहे. नाव असलेल्याला ती कधीच अडवत नाही.

नावाचा हा फरक लंडनमध्येही दिसला. तिथल्या रॉयल अ‍ॅकॅडमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून चालू आहे. कुणीही शुल्क भरून चित्र पाठवावे, निवड समितीने निवडावे, अशी त्याची रीत. २०१८ मध्ये बँक्सी या प्रसिद्ध भित्तिचित्रकाराने तिथे एका बनावट नावाने काम पाठवले. ते नाकारले गेले. पुढे त्याच प्रदर्शनाच्या संयोजकांकडून बँक्सी या नावावर निमंत्रण आले, काहीतरी द्या म्हणून. त्याने तेच काम थोडे बदलून दिले, आणि ते भिंतीवर लागले. हे त्यानेच जाहीर केले. नाकारताना एक ओळ लिहायची सक्ती असती, तर तेच काम पुन्हा आल्यावर ती ओळ समोर आली असती. कारण लिहिलेले असले की ते पुढच्या वेळी आठवावे लागते. मुका निर्णय कुणालाच बांधत नाही, निर्णय देणाऱ्यालाही नाही.

यावर ठरावीक उत्तरे येतात. पहिले उत्तर वेळेचे. एवढ्या चित्रांना कारणे कोण लिहीत बसणार? लिहायचे नाहीच, बोलले जाते, ते टिपायचे. चित्र धरायला दोन मुले असतात, तिसरे वही घेऊन बसवा. ते मूल त्या एका दिवसात जे शिकेल, ते वर्गात शिकायला मिळणार नाही. दुसरे उत्तर भांडणाचे. लोक येऊन वाद घालतील. घालतील थोडे. आजही घालतात, फक्त ते चहाच्या टपरीवर घालतात. तिसरे उत्तर सर्वांत वजनदार म्हणून सांगितले जाते: कला ही अनुभवायची गोष्ट, तिची कारणे देता येत नाहीत. हे उत्तर देणारे परीक्षक बक्षीस समारंभात पहिल्या क्रमांकाच्या चित्रावर दहा मिनिटे बोलतात. रंगसंगती, अवकाशाची जाण, रेषेतला आत्मविश्वास, सगळे शब्द तिथे सापडतात. स्तुतीला शब्द मिळतात आणि नकाराला मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

नकाराला शब्द मिळाल्याचे उदाहरण मराठी साहित्यात शोधायला लांब जावे लागत नाही. ‘सत्यकथा’ मासिकाने लेखन परत केले, असे सांगणारे लेखक पुष्कळ भेटतात, त्यांतले कितीतरी ते अभिमानाने सांगतात. का? कारण परत येणाऱ्या कथेबरोबर अनेकदा पत्र असे. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवख्या लेखकांना पत्रे लिहून कथा कुठे सैल पडते, शेवट कुठे ओढून आणला आहे, हे सांगितले. पुन्हा लिहून घेतले, पुन्हा वाचले. मासिक चालवायचे, त्यात पैशांची ओढाताण, आणि तरी हा पत्रव्यवहार. त्यातून एक पिढी लिहायला शिकली. संपादकाचा निर्णय तिथेही अंतिमच होता. नाकारलेली कथा पत्रामुळे छापली जात नसे. पण लेखकाला आपले काम कुणीतरी पाहिले आहे, हे त्या पत्राने कळत असे. चित्रकाराला आज तेवढेही कळत नाही. चिठ्ठी तशीच, फ्रेम तशीच, चादर तशीच. आपले चित्र परीक्षकांसमोर उभे तरी केले होते की नाही, याचीही त्याला खात्री नसते.

मोठ्या संस्थांचे मी समजू शकतो. देशभरातून कामे येतात, पहिली चाळणी संगणकाच्या पडद्यावर छायाचित्रांवरूनच होते. स्थानिक प्रदर्शनाला ती सबब नाही. स्थानिक चित्रकार घडावेत, हाच त्याचा हेतू असतो. संस्थेच्या घटनेत तसे लिहिलेले असते, उद्घाटनाला तसे बोलले जाते. बक्षीस मिळालेले पाचसहा जण तसेही घडलेले असतात. घडवायचे ते बाकीच्यांना, आणि बाकीच्यांशी संस्थेचा वर्षातला एकमेव संबंध म्हणजे ती परत आलेली चौकट.

येत्या हंगामाचे अर्ज अजून छापायचे आहेत. ‘निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य राहू द्यावे. चित्रामागच्या चिठ्ठीवर किमतीखाली एक रकाना वाढवावा, परीक्षकांचे मत असा, आणि त्यात एक ओळ लिहून खाली सही घ्यावी. जागेअभावी नाकारले असेल, तर जागेअभावी असेच लिहावे. त्यात कुणाचाच कमीपणा नाही, उलट चित्रकाराला सर्वांत जास्त धीर देणारे कारण तेच आहे. ड्रॉइंग कच्चे असेल, तर तसे लिहावे. ज्या परीक्षकाची असे लिहून सही करायची तयारी नसेल, त्याला निवडीला बोलावू नये. गावात ज्येष्ठ चित्रकारांची वाण नाही. तीन नावे बदलली, तर प्रदर्शन अडणार नाही.