न दिसणाऱ्या सापावर बंदूक चालत नाही

अमेरिकेत रॅटलस्नेकच्या मुलखात हिंडणारे काही लोक पिस्तुलात गोळीऐवजी बारीक छऱ्यांचे काडतूस ठेवतात. ते बाजारात तयार मिळते आणि हौशी मंडळी घरीही भरून घेतात. हेतू एकच, समोर आलेला साप हातभर अंतरावर येण्याआधी संपवायचा. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागात, विशेषतः हिर्डोशीच्या खोऱ्यात, पावसाळ्यातले चार महिने जो माणूस खाचरात, गोठ्यात आणि रानवाटेवर काढतो, त्याच्या मनात असे एखादे हत्यार जवळ असावे असे आले तर त्यात नवल नाही. त्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु या हत्याराने खोऱ्यातला एकही मृत्यू टळेल असे पुराव्यावरून दिसत नाही, आणि जे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत त्यांच्याकडचे लक्ष मात्र त्याने ढळते.

छऱ्याचे काडतूस दिसणाऱ्या सापासाठी आहे. आपल्याकडे माणूस मरतो तो न दिसलेल्या सापामुळे. घोणस बांधावरच्या गवतात वेटोळे घालून पडलेली असते आणि पाय पडल्यावरच तिचा पत्ता लागतो. फुरसे हाताच्या वितीहून फार मोठे नसते. दगड उचलताना किंवा गवताचा भारा बांधताना ते बोटाला डसते. नाग उंदरांच्या मागे पेंढ्यात आणि गोवऱ्यांच्या ढिगात शिरतो. सर्वांत फसवी मण्यार. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही धड सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, आणि घरचे समजतात की काही बाधले असेल. या चारपैकी कोणत्या प्रसंगी पिस्तूल हातात असणार, आणि असले तरी नेम कशावर धरणार? उलट शेणाने सारवलेल्या अंधाऱ्या घरात, दगडी भिंतींवरून उसळणारे छर्रे पोराबाळांना लागण्याचा धोका मात्र खराच.

आकडे हेच सांगतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले आणि बहुतेक खेड्यांतले, घरीच झालेले. अमेरिकेत दरवर्षी सात-आठ हजारांना विषारी साप चावतात आणि मरतात सुमारे पाच. हा फरक छऱ्यांनी घडवलेला नाही. तिथे चावलेला माणूस वेळेत रुग्णालयात पोचतो आणि तिथे औषध असते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली शेतीरक्षणासाठी जो परवाना मिळतो तो मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा. खिशातल्या पिस्तुलाचा नव्हे. परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर सूट देतो, पण दहा पावलांवरून निघून जाणाऱ्या सापाला ती सूट लागू पडत नाही.

यावर खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो रास्त आहे. ‘शहरात बसून साप मारू नका म्हणणे सोपे; आमच्याकडे सर्पमित्र येईपर्यंत दिवस उजाडतो आणि रुग्णालय गाठेपर्यंत माणूस जातो.’ हिर्डोशीचा नकाशा पाहिला की या रागाचे कारण कळते. पूर्वेला भोरकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत जातो. पश्चिमेला वरंधा घाट उतरला की महाड. पण दरडींमुळे हा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. म्हणजे साप सर्वाधिक चावतात त्याच महिन्यांत खोऱ्याचे एक दार लावलेले असते. सापाला भ्यायचे की या रस्त्याला, असा प्रश्न पडावा अशी ही स्थिती आहे. मग मागणीही या रस्त्यावरच केंद्रित व्हायला हवी.

नेपाळच्या पूर्वेकडील दमक भागात रुग्ण लवकर पोचवण्यावरच भर दिला गेला. सर्पदंश झालेल्याला गावातल्या स्वयंसेवकाच्या मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून उपचार केंद्रात तत्काळ न्यायचे, आणि लोकांना माहिती द्यायची, एवढाच उपक्रम. दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. नेपाळमधल्याच दुसऱ्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळाल्याचे दिसले. मोटारसायकल आता आपल्याही वाडीवाडीत आहे, आणि मच्छरदाणी काडतुसांच्या डबीपेक्षा कितीतरी सहज मिळते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून छोट्या केंद्रात ते देण्यापेक्षा रुग्ण पुढे पाठवलेला बरा. धोका खरा आहे. पण त्यावरचे ॲड्रिनॅलिन स्वस्त आहे आणि ते कसे द्यायचे हे शिकवता येते. घोणस किंवा फुरशाचे विष रक्तात भिनले का, हे पाहायला काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळी पुरते: दोन मिली रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि ते गोठते का ते बघायचे. मण्यारीच्या रुग्णाला वाटेत श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी लागते. हे काहीच न करता नुसती चिठ्ठी लिहून पुढे पाठवणे म्हणजे विषाला आणखी दोन तास देणे होय. प्रतिविष दुर्मिळ आहे म्हणावे, तर ते पुणे जिल्ह्यातच, नारायणगावात, तयार होते.

आणि घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाडचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. तिथल्याच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू रोखता येतात हे कोकणातल्या खेड्यांत काम करून दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यासाठी कोकणातले विंचू मारून संपवावे लागले नाहीत.

सापासाठी मात्र अशी एकच गोळी नाही, आणि प्रतिविषालाही मर्यादा आहेत. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरच चालते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर नाही. म्हणूनच गमबूट, रात्री पायापुढे बॅटरीचा उजेड, जमिनीऐवजी खाट, गोठ्यापासून दूर रचलेला पेंढा या गोष्टी औषधाच्या आधी येतात. दंश झाल्यावर आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे धावणे हे थांबवून हात-पाय न हलवता गाडी गाठायची, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ हवे.

शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण मृत्यूनंतर खर्च करायला तयार असलेल्या शासनाकडून मृत्यूआधीचा हिशेबही मागता येतो. वरंधा घाट बंद ठेवण्याचा आदेश ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी खोऱ्यातल्या सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, रात्री डॉक्टर कोण आणि गाडी कोणाची, हे हिर्डोशीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिलेले असावे. एका गंभीर रुग्णाला सुरुवातीलाच दहा कुप्या लागू शकतात. फलकावरचा आकडा दहाहून कमी असेल, तर त्या संध्याकाळी गावाने पुण्याला फोन करावा.