रेघ तिची, कार्ड त्याचे

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागते. तिथल्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक कातारी जोडपे काम करते. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, आणि अलीकडे शहरी गिऱ्हाइकांसाठी लाकडी वाट्या. 'जोडपे' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण सरकारी कागदावर तिथे एकच कारागीर आहे.

वाटी लेथवर गरगर फिरत असते. तो हत्याराच्या टोकाने काठाखाली बारीक खाच पाडतो आणि बाजूला होतो. मग ती पुढे येते. दोन्ही हातांत ताणून धरलेली तार त्या खाचेत टेकवते. घर्षणाने तार तापते, धुराची एक बट निघते, लाकूड जळल्याचा वास येतो. तार उचलली की वाटीच्या अंगावर काळी गोल रेघ उमटलेली असते. हा रंग नव्हे, लाकूडच जळलेले असते, त्यामुळे धुऊन जात नाही. तार जास्त वेळ टेकली तर खाचेची कड करपते, कमी टेकली तर रेघ तपकिरी आणि पुसट राहते. लाकूड बदलले की हा हिशेबही बदलतो. तो तिच्या हातात बसला आहे. भाव करताना गिऱ्हाईक बोट फिरवते ते याच रेघांवरून.

मोटर येण्याआधी लेथ दोरीवर चाले. लाकडाला वेढा दिलेली दोरी एकाने मागेपुढे ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचे. तिच्या सासूने वर्षानुवर्षे ती दोरी ओढली. पण कातारी म्हणून ओळखला गेला हत्यार धरणारा. मोटर आली, दोरी गेली, तरी बाई लेथपासून हटली नाही. घासणे, तेल लावणे, रेघा जाळणे, माल बाजारात नेणे हे सारे तिच्याकडेच. फक्त त्याला नाव मिळाले नाही.

मागच्या वर्षी आम्ही वस्तीत पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती देत होतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली ही योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. कातारी त्यात वेगळा नाही, तो सुतारात बसवावा लागतो. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाखांपर्यंत कर्ज. कागदावर योजना वाईट नाही. पण त्यात एक अट आहे: एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले.

बाईचे नाव घालू नका असे नियम कुठेही म्हणत नाही. तो फक्त एकच नाव मागतो. आणि आपल्या घरात एकच नाव मागितले की ते कोणाचे निघते, हे मैत्रिणींनो, मी तुम्हाला काय सांगणार?

अर्ज भरायला दोघे आले होते. मी तिला विचारले, तुझे नाव घालायचे का? नवरा गप्प होता, त्याने विरोध केला नाही. तीच म्हणाली, "ताई, त्यासनंच नाव लिखा. मी काय, नुसती मदत करस." केंद्रावरचा मुलगा हसला आणि त्याने टाइप करायला सुरुवातही केली. मी तिथे वाद घातला नाही. घालायला हवा होता, असे अजून वाटते.

'मदत' या शब्दाची मला आता चीड आहे. सरकारी श्रमशक्ती पाहणीतही घरच्या उद्योगात विनामोबदला राबणाऱ्या माणसाला 'मदतनीस'च म्हणतात. तिच्या उजव्या तर्जनीवर तारेचा खोल वण आहे. तार बोटाला गुंडाळून धरली होती, ती खाचेत अडकली आणि लेथने ओढली. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधल्या तर तार अडकताच सोडून देता येते. एवढी साधी गोष्ट तिला आधी कोणी सांगितली नाही, कारण प्रशिक्षण कारागिराला मिळते, मदतनिसाला नाही.

आमच्याच काही सहकाऱ्यांना ही अट रास्त वाटते. दोघांनाही लाभ दिला तर एकाच घरात दुप्पट पैसा जाईल आणि दुसरे घर उपाशी राहील, असे त्या म्हणतात. पैशापुरते मला ते पटते. अवजारांचे १५,००० घराला एकदाच द्या. पण ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण ही काही वाटून संपणारी शिधा नव्हे. कौशल्य माणसाच्या हातात असते, रेशनकार्डावर नसते. कर्ज हवे असेल तर दोघांच्या नावे करा. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम घेतली, तेव्हा बायकोच्या नावे जमीन करून देणारे शेतकरी याच महाराष्ट्रात निघाले. सातबाऱ्यावर जे जमते ते कारागिराच्या कार्डावर का जमू नये?

आणि लाटणे तर आपल्या चळवळीची जुनी खूण. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बाया थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. ती लाटणी कातणाऱ्या घरांतल्या बाईचा विचार आपण तेव्हा केला नाही, नंतरही फारसा केला नाही. ही टीका माझ्यावरही आहे.

आम्ही देवपुरात आता दोन गोष्टी करतो आहोत. कारागीर घरांत प्रत्येक काम कोण करते याची यादी बाईच्या तोंडून लिहून घेतो, 'मदत' हा शब्द न वापरता. आणि एका घरातील दोघांचीही कारागीर म्हणून नोंद व्हावी, असे निवेदन तयार करतो आहोत. कुंभार, बुरूड, चांभार, सुतार यांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या गटांनी आपापल्या याद्या पाठवाव्यात. किती घरांत दोघे राबतात आणि कार्ड कोणाच्या नावे आहे, एवढेच दोन रकाने पुरेत.

परवा शेडमध्ये गेले तेव्हा तारेला दोन मुठी लागल्या होत्या. बाभळीच्या, तिनेच कातलेल्या. त्यांच्यावरही तिने एकेक रेघ जाळली होती.