श्रावकाचे स्वयंपाकघर : सुंठीचा चहा

मार्गशीर्ष लागला की नाशिकची हवा पालटते. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी वर्तमानपत्रांत येऊ लागते, सकाळी गोदाकाठी धुके रेंगाळते आणि चहाच्या टपऱ्यांभोवतीची गर्दी दाट होते. त्या गर्दीत आपल्या घरातील मुले-मुलीही असतात. टपरीवरच्या चहात बहुधा ठेचलेले आले असते. कुणी आवर्जून ‘बिनआल्याचा’ मागून घेते, कुणी संकोचाने गप्प राहून पिते. घरी मात्र दूध, साखर आणि पत्ती एवढेच नित्याचे मिश्रण. आले वर्ज्य, तेव्हा मसाल्याचा चहा आपल्या घरचा नव्हे, अशी समजूत अनेक जैन कुटुंबांत नकळत रुजली आहे. ती कितपत खरी, हे आज पाहू.

आल्याचा त्याग आपल्याला परिचित आहे. ओल्या कंदात अनंत जीवांचे एकच शरीर मानले जाते, म्हणून ते अनंतकाय. त्याचा तुकडा मातीत पुरला तर पुन्हा कोंब फुटतो. पूर्ण वाळलेली सुंठ मात्र अचित्त होते, ती रुजत नाही. मग वाळवलेला बटाटा का चालत नाही, असा प्रश्न तरुण विचारतात आणि तो योग्यच आहे. परंपरेने त्याचे उत्तर प्रमाण आणि हेतू यांत दिले आहे. बटाटा वाळवला तरी तो ताटभर खाण्यासाठीच असतो. सुंठ औषधासारखी चिमटीने वापरली जाते. आयंबिलाच्या ओळीत दूध, तूप, गूळ सारे सुटते, तरी सुंठ आणि मिरी अनेक घरांत चालते. ज्यांचा नियम याहून कडक असेल त्यांनी आपल्या गुरुभगवंतांचा शब्द प्रमाण मानावा.

सुंठ म्हणजे आल्याची दुय्यम जागा घेणारी वस्तू, असे समजण्याचे कारण नाही. ओल्या आल्याचा तिखटपणा ‘जिंजरॉल’ या द्रव्यामुळे येतो. आले वाळताना त्यातील काही भागाचे ‘शोगॉल’ या द्रव्यात रूपांतर होते आणि ते अधिक तिखट असते. म्हणूनच सुंठीची ऊब घशात उशिरा पोहोचते आणि पुष्कळ वेळ टिकते. ओल्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते. आले नीट उकळण्याआधी दूध घातले तर त्या विकरामुळे ते नासू शकते. सुंठीच्या चहात ही धास्ती जवळजवळ उरत नाही.

शिवाय आपल्या घरात मसाला चहापत्तीहून कितीतरी आधी आला. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे ‘त्रिकटू’ आयुर्वेदात प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. आसामातील चहाच्या झाडांकडे रॉबर्ट ब्रूस याचे लक्ष गेले ते १८२३ मध्ये, आणि आसाम कंपनी स्थापन झाली १८३९ मध्ये. दाणेदार पत्ती तयार करणारी यंत्रपद्धती तर १९३०च्या दशकातली. ही पत्ती थोडीशी घातली तरी गडद रंग आणि कडक चव देते, त्यामुळे दूध-साखरेचा चहा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. थोडक्यात, आजीच्या काढ्याच्या डब्यात पाहुणी म्हणून आली ती पत्ती. मसाला त्या डब्याचा जुना रहिवासी.

आता कृती. चार माणसांच्या घराला रोज एक वेळचा चहा धरून आठवडाभर पुरेल एवढाच मसाला करावा. वीस वेलदोडे, करंगळीएवढी सुंठ, दहा-बारा मिरी, पाच लवंगा, इंचभर दालचिनी आणि किसलेले जायफळ चिमूटभर. सुंठ घेताना पांढऱ्याशुभ्र कांडीला भुलू नये, ती बहुधा चुन्यात बुडवलेली असते. फिकट तपकिरी, कोरडी आणि कडक कांडी निवडावी. सुंठीला कीड लवकर लागते, म्हणून प्रत्येक कांडी मोडून आत पाहावी आणि बारीक भोके दिसली तर ती घेऊ नये. जीवजंतू पाहून, निवडून मगच कुटणे हा आपल्या स्वयंपाकघराचा पहिला नियम आहे. सुंठ तंतुमय असल्याने ती आधी खलबत्त्यात कुटून चाळून घ्यावी, मग बाकीचे जिन्नस कुटून मिसळावेत. वेलदोड्याची साले टाकू नयेत, ती पत्तीच्या डब्यात ठेवावीत.

दोन कप चहासाठी दीड कप गाळलेले पाणी घ्यावे. त्यात पाव चमचा मसाला घालून दोन मिनिटे उकळू द्यावे, कारण सुंठीचा अर्क सावकाश उतरतो. मग सपाट दीड चमचा पत्ती आणि बेताची साखर घालून आणखी दोन मिनिटे. शेवटी पाऊण कप दूध घालून एक-दोन उकळ्या आणाव्यात आणि गाळावा. पत्ती फार वेळ उकळली तर चहा तुरट होतो. गूळ आवडत असेल तर तो आच बंद केल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाही. परसात गवती चहा असेल तर एखादे पाते घालता येईल. मात्र तिथीला हिरवी वर्ज्य असलेल्या घरांनी त्या दिवशी ते वगळावे, नुसता मसाला पुरेसा असतो.

मसाला आठवडाभराचाच का, याचे उत्तर आपल्या आचारात आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली जाते, आणि अनेक घरे दळलेल्या मसाल्यालाही तीच लावतात. हा नियम जीवरक्षणासाठी आहे. पण कुटलेल्या वेलदोड्याचा सुगंध झपाट्याने उडतो आणि पावसाळ्यात मसाल्याला ओल धरते, हेही तितकेच खरे. सहा महिने फडताळात पडलेल्या तयार पुडीपेक्षा मर्यादेत कुटलेला मसाला चवीलाही सरस ठरतो.

वेळेच्या मर्यादेचेही तसेच. डिसेंबरात नाशिकला सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यात ४८ मिनिटे मिळवली की नवकारसी येते पावणेआठला. सायंकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि चौविहार करणाऱ्यांचा चहा तिथेच संपतो. या दोन वेळांमध्ये बसणारा चहा आस्वादाचा असतो. या वेळा चुकल्या तर डोके धरून बसावे लागत असेल, तर ते व्यसन. पर्युषणात ‘उपवास झेपतो, पण चहावाचून डोके दुखते’ असे सांगून मागे हटणारे श्रावक प्रत्येक गावात भेटतात. ही तक्रार खोटी नसते. रोज चहा घेणाऱ्या शरीराला कॅफिन मिळाले नाही की दिवसभरात डोके दुखू शकते. अशा वेळी मसाला मदतीला येतो. सुंठ-वेलदोड्यामुळे चवीला भरीवपणा येत असल्याने पत्ती हळूहळू कमी करता येते: दीड चमच्याची एक, एकीची अर्धी. पर्वाच्या दोन-तीन आठवडे आधी ही घट सुरू केली तर शेवटी पत्तीविना सुंठ-वेलदोड्याचे दूधही गोड लागते. भोगोपभोग-परिमाण व्रताची सुरुवात अशी एका कपापासूनही करता येईल.

रविवारी दुपारी चार वाजता घरातील सर्वांसाठी एकच आधण ठेवावे. आजीच्या नियमाला धक्का लागणार नाही आणि नातवाला टपरीची उणीव भासणार नाही, असा चहा एकाच पातेल्यात होतो. खलबत्ता मात्र नातवाच्या हाती द्यावा. सुंठ का आणि आले का नाही, हा प्रश्न तो कुटता कुटता आपण होऊन विचारील.

जय जिनेंद्र.